रक्तस्रावाच्या मापाची कुळकथा

अंगावरून किती गेले म्हणजे तो आजार समजावा, याचा निवाडा करण्याचा अधिकार वैद्यकाने शतकानुशतके स्वतःकडेच राखून ठेवला होता. हिप्पोक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रीक ग्रंथांत निरोगी स्त्रीच्या मासिक स्रावाचे प्रमाण दोन कोटिली, म्हणजे सुमारे अर्धा लिटर, सांगितलेले आहे. हा आकडा प्रत्यक्षाच्या कितीतरी पट मोठा आहे, हे उमगावयास विसावे शतक उजाडावे लागले.

लेइफ हालबेर्ग व लेन्नार्ट निल्सन या स्वीडिश संशोधकांनी १९६४ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. स्त्रीने पाळीच्या दिवसांत वापरलेले सारे पॅड जपून प्रयोगशाळेत द्यावे, तेथे ते सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजवावे, त्या द्रावणास चढलेल्या रंगाची गडदता यंत्राने मोजावी, आणि तिच्याच शिरेतून घेतलेल्या रक्ताशी ती ताडून हिशेब काढावा, अशी ही तजवीज होती. या रीतीने गोथेनबर्ग येथील ४७६ स्त्रियांची पाहणी होऊन १९६६ साली तिचे निष्कर्ष बाहेर आले : सरासरी स्राव ४० मिलिलिटरच्या किंचित वर, आणि ८० मिलिलिटरच्या पलीकडे गेलेल्यांत रक्तक्षय व लोहाची न्यूनता अधिक. तेव्हापासून ८० हा आकडा अतिस्रावाची हद्द म्हणून वैद्यकाच्या दप्तरी कायम झाला.

परंतु १९८० साली चिम्बिरा, अँडरसन व टर्नबुल यांनी स्त्रियांच्या तक्रारी या मापाशी ताडून पाहिल्या, तेव्हा दोहोंचा मेळ बसेना. तक्रार घेऊन आलेल्या कित्येकींचा स्राव हद्दीच्या आतच भरला. १९९० साली हायम, ओब्रायन व शॉ यांनी चित्रांचा तक्ता काढला : किंचित डागळलेल्या पॅडला १ गुण, मध्यम भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०, आणि बेरीज १००च्या वर गेली की स्राव अधिक. मोजणे आता स्त्रीच्या हाती आले. मोजावयाची वस्तू मात्र रक्तच राहिली.

खरे स्थित्यंतर १९९८ साली झाले. रॉबर्ट शॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या मापपट्टीत रक्ताचा हिशेबच नाही. व्यावहारिक अडचणी, सामाजिक जीवन, मनःस्वास्थ्य, शरीरस्वास्थ्य, कामधंदा व कुटुंब अशी सहा अंगे आहेत, आणि प्रत्येक अंगाखाली चढत्या त्रासाची चार विधाने. अडचणींच्या अंगात पहिली पायरी काहीच त्रास नसण्याची, दुसरी जादा पॅड जवळ बाळगण्याची, तिसरी कपड्यांचा जादा जोडही सोबत घेण्याची, आणि चौथी अंथरूण खराब होण्याची व शौचालयापासून दूर न जाता येण्याची. या सहांपैकी कशाला किती वजन द्यावे, हेही स्त्रियांच्याच अभिप्रायावरून ठरले. शून्य म्हणजे जीवन पुरते ग्रासलेले, शंभर म्हणजे त्रासमुक्त. २००७ साली ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने अतिस्रावाची व्याख्या स्त्रीच्या जीवनमानाला पोहोचणाऱ्या बाधेवरून केली, आणि ५७१ स्त्रियांवरील 'एक्लिप्स' चाचणीने, जिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले, हीच मापपट्टी मुख्य कसोटी मानली. नेहमीच्या औषधांनी गुण वाढले. संप्रेरक सोडणाऱ्या गर्भाशयातील साधनाने ते अधिक वाढले.

या बदलाचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. मिलिलिटरच्या हिशेबाने पाहिले तर गर्भाशय काढून टाकण्यासारखा उपचार नाही, कारण त्यानंतर स्राव शून्यच होतो; स्त्रीला तो उपचार कितीस पडला, हे त्या हिशेबात येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची 'पिशवी' काढली जाण्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा पाळीच्या दुखण्यापायी कामाचा खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, हेही उघड झाले. अशा स्त्रीपुढे मापपट्टी ठेवली, तर कामधंद्याच्या अंगाखालचे तिचे उत्तर निम्मेअधिक त्या कपातीनेच लिहिलेले असेल. म्हणून रुग्णाची पसंती मोजणाऱ्याने तिचा गुणांक नोंदविण्यापूर्वी तिला औषधे व गर्भाशयातील साधन यांची माहिती मिळाली होती काय, आणि विश्रांती घेण्याची मुभा होती काय, याची खातरजमा करणे हे त्याचे प्रथम कर्तव्य आहे. ती मुभा नसताना शस्त्रक्रियेला दिलेल्या संमतीला पसंती म्हणणे हा त्या मापाचा दुरुपयोग आहे.