मिस्त्री आणि मास्तर

मळणीयंत्राचा पट्टा सुटला, गुऱ्हाळावरच्या चरकाचा दाता तुटला, शेंगा फोडायचे यंत्र दाणेच फोडू लागले, की हाक जाते ती मिस्त्रीला. शब्द इतका घरचा झाला आहे की तो परमुलखातून आला असेल, असे मनातही येत नाही. मूळ पोर्तुगीज ‘मेस्त्रे’, आणि त्याच्यामागे लॅटिन ‘मागिस्तेर’: इतरांहून अधिक जाणणारा, वरचा. (याच्या उलट ‘मिनिस्टर’. तो मूळचा खालचा, सेवक. सध्या कुणाला सांगायला जाऊ नये.) पोर्तुगीजांबरोबर हा शब्द पश्चिम किनाऱ्याला लागला. कोकणात तो ‘मेस्त्री’ होऊन आडनावात जाऊन बसला, गोव्यात सुतार ‘मेस्त’ झाला, देशावर मिस्त्री. त्याच मागिस्तेरची दुसरी शाखा इंग्रजीतून ‘मास्टर’ म्हणून आली आणि मास्तर होऊन शाळेत रुजू झाली. म्हणजे मिस्त्री आणि मास्तर ही एकाच घरातली भावंडे. एकाच्या हाती खडू आला, दुसऱ्याच्या हाती पाना. मानाची वाटणी मात्र सारखी झाली नाही.

धान्य दळण्या-मळण्याच्या अवजारांत अशी भाऊबंदकी बरीच सापडते. ‘यंत्र’ हा संस्कृत शब्द पुस्तकात राहिला, तो अजून परीटघडीचा आहे. तोच प्राकृतात ‘जंत’ झाला आणि मराठी घरात येऊन ‘जाते’ झाला. आजीच्या ओसरीवरचे दगडी जाते हे शब्दशः यंत्र होते, आणि त्याला देखभाल लागे. दळून दळून तळ्या गुळगुळीत झाल्या की दाणा भरडायचाच नाही, नुसता घसरायचा. मग ‘जात्याला टाकीऽऽ’ अशी आरोळी देत फिरणारी बाई वरची तळी उलथी करी आणि छिन्नी-हातोडीने तिच्यावर टिंबे उठवी. मधल्या भोकापासून कडेपर्यंत, दाट आणि सारख्या खोलीची. खोल गेली तर पीठ जाडे, उथळ राहिली तर चार दिवसांत पुन्हा घसरगुंडी. हे माप कुठे लिहिलेले नव्हते, मनगटात होते. ही ‘टाकी’ संस्कृत ‘टंक’ म्हणजे छिन्नीपासून आलेली, आणि वऱ्हाडातल्या टाकणकारांना जातीचे नावच या कामावरून पडले. पुढे इंग्रज सरकारने त्यांना गुन्हेगार जमातींच्या यादीत घातले. 

‘चरक’ ऐकून वैद्यराज आठवतील, पण उसाच्या चरकाचा त्यांच्याशी संबंध नाही. फारसीत ‘चर्ख’ म्हणजे चाक. संस्कृत ‘चक्र’ आणि हा ‘चर्ख’ एकाच जुन्या शब्दाची रूपे, फारसीत अक्षरांची फक्त अदलाबदल झाली. म्हणून मराठीत चक्राचे ‘चाक’ झाले ते घरच्या वाटेने, आणि चरखा-चरक आले ते इराणवरून वळसा घेऊन. जुना चरक लाकडी असे, आणि त्याच्या उभ्या लाटांना नवरा-नवरी अशी नावे होती. बैलाच्या फेऱ्याबरोबर एक फिरे, त्याच्या दात्यांनी दुसरी फिरे, मधून ऊस. कुणी कुणाला फिरवायचे, हे नावातच ठरवून टाकलेले. १८७०च्या दशकात बिहारमधल्या बिहिया येथे थॉमसन आणि माइल्न या दोघांनी लोखंडी लाटांचा चरक काढला, आणि लाकडाचे दिवस भरले. आपल्याकडे पुढे किर्लोस्करांनीही लोखंडी चरक केले. शब्द मात्र बदलावा लागला नाही.

अलीकडे या सगळ्या कारागिरीवर एकच शिक्का मारतात: जुगाड. २०१२ साली ‘जुगाड इनोव्हेशन’ नावाचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि हा शब्द व्यवस्थापनाच्या वर्गात गेला. मला तो या कामासाठी आवडत नाही. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणे. गुजरातेत विरमगाम तालुक्यातल्या मनसुखभाई पटेलांनी केले ते वेळ मारून नेणे नव्हते. तिकडच्या कोरडवाहू ‘व्ही-७९७’ कापसाचे बोंड पुरते उमलत नाही. अर्धवट मिटलेल्या त्या बोंडाला तिकडे ‘काला’ म्हणतात, आणि त्यातून रुई उपसायचे काम बायका-मुले घरी बसून हातांनी करत. मनसुखभाईंनी १९९०च्या दशकात त्यासाठी यंत्र बनवायला घेतले, अनेक वर्षे त्यात फेरफार केले आणि अमेरिकेचे पेटंटही मिळवले. याला मराठीत ‘युक्ती’ हा सरळ शब्द आहे. ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूचा. बैलाच्या मानेवरचे ‘जू’ आणि ‘जोत’ही त्याच धातूचे. जोडलेले टिकले पाहिजे, ही अट त्यात आपोआप येते.

तरी मिस्त्रीची सगळीच कामे गोड मानून घ्यावीत असे नाही. पंजाबात कडबा कापायच्या यंत्राला ‘टोका’ म्हणतात. त्याचे पाती बसवलेले चाक घेऊन कारागिरांनी मळणीयंत्र उभे केले. गव्हाची मळणी आणि भुसा एका दमात होऊ लागला, पण पेंढी आत सारणाऱ्यांचे हातही जाऊ लागले. अखेर पेंढी सारायची पन्हळ लांब, वरून झाकलेली असावी, असे प्रमाण ठरले आणि १९८३ साली केंद्राला धोकादायक यंत्रांसाठी कायदा करावा लागला. नाव मात्र कुणी बदलले नाही. कृषी अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांत मळणीयंत्रांचे प्रकार देताना ‘टोका’ आणि ‘हडंबा’ हे शब्द जसेच्या तसे छापतात.

हा ‘हडंबा’ आता मराठवाड्यातही पोचला आहे. ट्रॅक्टरमागून येतो, सोयाबीन आणि तुरीच्या गंजी गिळतो आणि धुरळा उडवत पुढच्या शेतात जातो. नाव ऐकल्याबरोबर हिडिंबा आठवते. व्युत्पत्ती म्हणून हे टिकणार नाही, पण गंजीजवळ उभे राहून तो आवाज एकदा ऐकला, की खोडून काढायची इच्छाही होत नाही.