जॉबरच्या हातातली गिरणी

मालकाचं तोंडही न पाहता गिरणी कामगाराची हयात सरे. जॉबरशी, म्हणजे खात्यातल्या मुकादमाशी, मात्र त्याची गाठ रोजची. १८५६ साली ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं खात्याखात्यातला कारभार या माणसाच्या मर्जीवर चालला.

भरती तोच करी. रजा त्याच्याकडे मागायची, साचा (यंत्र) तो देईल तो घ्यायचा आणि त्याने ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटलं की घरी बसायचं. काम मिळवायला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे, ते टिकवायला पुन्हा द्यावी लागे. कित्येक जॉबर व्याजाने पैसे देत, म्हणजे पगारातला वाटाही त्यांच्याकडेच वळे. बायकांच्या खात्यांत हाच अधिकार नायकिणीकडे असे.

मालकांनी हे का चालू दिलं? कापडाची मागणी सतत वरखाली होई. कोकणातले आणि घाटावरचे कामगार शेतीच्या हंगामात गावी जात. सकाळी भोंगा वाजला की किती साचे रिकामे राहतील याचा नेम नसे. ते भरायला माणसं कुठल्या चाळीत मिळतील हे जॉबरला ठाऊक असे. कामगाराचं पोट असं टांगणीला ठेवणं मालकांना सोयीचं होतं, आणि त्या सोयीतूनच जॉबरची दहशत वाढली.

तरीही ही सत्ता निर्धास्त नव्हती. हाताखाली माणसं असतील तरच जॉबरला किंमत. म्हणून त्याला अडीनडीला उसने पैसे द्यावे लागत, शब्द टाकावा लागे, भांडणं मिटवावी लागत. संप झाला की त्याची कोंडी होई: मालकाकडे झुकावं तर माणसं तुटणार, माणसांबरोबर राहावं तर नोकरी जाणार. त्यामुळे संप पुकारणारे जॉबर होते, तसे फोडणारेही होते.

१९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. अध्यक्ष होते स्वतः गिरणीत काम केलेले अर्जुन आत्माराम आळवे. युनियनच्या गिरणी समित्या खात्यातली गाऱ्हाणी जॉबरला वगळून थेट व्यवस्थापकापुढे मांडू लागल्या. आजवर एकेकट्याने मर्जी सांभाळणारा कामगार आता समितीच्या बळावर जाब विचारत होता. मालकांना हे जॉबरच्या लाचखोरीपेक्षा जास्त खुपलं.

मजुरांविषयीच्या शाही आयोगाने १९३१ मध्ये भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली. १९३४ च्या औद्योगिक तंट्यांविषयीच्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला. १९३५ पासून गिरण्या ठरावीक बदली कामगारांना, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजापुरतं काम करणाऱ्यांना, कार्ड देऊ लागल्या. रिकाम्या जागा कार्डवाल्यांमधूनच भरायच्या, असा नियम झाला. जॉबरची ताकद घटली, पण रोज दाराशी उभं राहून कामाची वाट पाहणारा बदलीवाला तसाच राहिला. १९८२ च्या गिरणी संपातही बदली कामगारांना कायम करा, ही एक मागणी होती.