हिरकणी कामावर होती

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये फोर्ट वर्थ नावाचं शहर आहे. तिथल्या जुन्या गुरांच्या बाजारात आजही दिवसातून दोनदा लांब शिंगांची गुरं रस्त्यावरून हाकत नेतात. दोन्ही बाजूंना पर्यटक मोबाइल वर धरून उभे असतात. टोपी, बूट, घोडा, सगळं हजर.

पण ज्या काळाचा हा देखावा, तो जेमतेम वीस वर्षं टिकला. १८६७च्या सुमारास टेक्सासची गुरं शेकडो मैल चालवत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत न्यायचा धंदा वाढला. १८७४मध्ये जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट मिळालं, माळांना कुंपणं पडली आणि १८८०चं दशक सरता सरता मोकळी चराई संपत आली. १८८३मध्ये बफेलो बिलने काऊबॉयचा खेळ तिकीट लावून सुरू केला. खरा गुराखी अजून कामावर होता आणि त्याचं नाटक चालूही झालं होतं! त्यांच्यात कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन गुराखी कितीतरी होते. हॉलिवूडच्या पडद्यावर ते फारसे दिसले नाहीत.

मग आपला काऊबॉय कोण? महाडमध्ये कुणालाही विचारा, एक नाव सगळ्यांना ठाऊक असतं: हिरकणी. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण. संध्याकाळी दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ, म्हणून ती अंधारात कडा उतरली. ही दंतकथा आहे, पण बुरूज तिच्या नावाने ओळखला जातो आणि पायथ्याला हिरकणीवाडी आहे. आपण तिला आई म्हणून लक्षात ठेवलं, ते बरोबरच. पण ती गडावर गेली होती कामाला. त्या कामाचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही.

तो बघायचा तर एक दिवस काढा आणि पोलादपूरहून आंबेनळी घाट चढा.

आज गाडी ज्या वळणांवरून जाते, तो रस्ता १८७६चा. इंग्रजांनी त्याला फिट्झगेराल्ड घाट हे नाव दिलं होतं. त्याआधी कोकणात उतरायची मोठी वाट होती पार घाटाची. १६५९मध्ये अफजलखानाचा तळ पडला तो याच पारला. वाडा-कुंभरोशीहून तिथे वळलात तर कोयनेवरचा जुना दगडी पूल अजून उभा दिसेल. असे घाट बैलांच्या पाठीवर चालायचे. कोकणातलं मीठ गोणीत भरून वर जायचं, देशावरचं धान्य खाली यायचं. पुढे गाडीरस्ते झाले, रेल्वे आली आणि तांडे घेऊन फिरणाऱ्यांचा धंदा बसला.

आता मान वर करा. डोंगराच्या माथ्यावर, सड्याच्या कडेला चार-सहा घरं दिसली तर तो बहुधा धनगरवाडा. हे गवळी धनगर. मेंढ्या नव्हेत, म्हशी आणि गाई पाळणारे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी त्यांच्या जगण्याचं गणित मांडलं आहे. खोऱ्यात कुणबी, माथ्यावर गवळी. एकाची भातशेती, दुसऱ्याची जनावरं. त्यामुळे एकाच डोंगरावर राहून दोघांची ओढाताण कमी. माथ्यावरून दूध वेळेत बाजारात पोचणं शक्य नव्हतं, म्हणून ते घुसळून लोणी काढायचं आणि लोणी-तूप खाली नेऊन धान्य घ्यायचं. ताक घरात. जोडीला उतारावर नाचणी, वरी.

इथे घोडा नाही, दोरीचा फास नाही. डोक्यावर भांडं घेऊन कडा उतरणारी बाई आहे. आमचा ‘वेस्टर्न’ हाच!

कुंपण मात्र इथेही पडलं, आणि जवळपास त्याच वर्षांत. काटेरी तार १८७४ची, आपला वन कायदा १८७८चा. तार लागली नाही, नकाशावर रेघ ओढली गेली. रेघेच्या आत चराई ही सरकारची मेहरबानी ठरली, डोंगर भाजून केलेली शेती गुन्हा ठरली. पुढे १९६०च्या दशकात कोयनेच्या धरणाचं पाणी खोऱ्यात चढलं. खालची गावं उठली, म्हणजे वरच्यांचा बाजारही उठला. कळप कमी झाले, पोरं मुंबई-पुण्याला गेली.

म्हणजे काऊबॉय आणि गवळी एकाच दशकात अडवले गेले. एकाच्या वाट्याला सिनेमा आला, दुसऱ्याच्या वाट्याला काहीच नाही. सह्याद्रीतल्या कितीतरी धनगरवाड्यांवर आजही धड रस्ता नाही. आजारी माणसाला डोलीतून खाली आणावं लागतं, तेही पावसात.

म्हणून अशी सहल कुणी काढली तर मला आनंद होईल आणि भीतीही वाटेल. फेटा बांधून, ढोल वाजवून तासाभराचा खेळ दाखवणं सोपं आहे. त्यापेक्षा पाहुण्यांना पहाटे गोठ्यात न्या. तूप घ्यायचं तर घासाघीस न करता घ्या. वाड्यावरच्या आजीला नाच करायला लावू नका, वाट विचारा. कुठली पाऊलवाट कुठल्या बाजाराला जात होती, पाणी कुठे होतं, म्हैस कुठे बसायची, हे तिला पाठ असतं.

आणि उतरताना मोबाइल खिशात ठेवा. त्या उतारावर दोन्ही हात मोकळे लागतात. हिरकणीला तेवढीही सोय नव्हती.