चंद्रावरचे पाणाडे

पाणाड्या हा प्राणी शहरात वाढलेल्यांनी बहुतेक पाहिला नसेल, म्हणून आधी त्याची ओळख करून देतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून हा माणूस शेतभर फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे टाचेने खूण करतो आणि सांगतो, इथं बोअर मारा. नारळाला विज्ञानाचा काडीचा आधार नाही, हे वेगळं सांगायला नको. पण मुद्दा तो नाही. पाणाड्या फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगतो. किती फुटांवर आणि किती इंच पाणी, हे बोअरवाल्याची गाडी येऊन गेल्यावरच कळतं, आणि शेतकऱ्याचं कर्ज फिटणार की वाढणार ते त्या दुसऱ्या उत्तरावर ठरतं.

चंद्राच्या ध्रुवांवरच्या बर्फाचा इतिहास वाचताना हा फरक माझ्या डोक्यातून जात नव्हता. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत चंद्रावर पाणाडे पुष्कळ झाले. एकाहून एक हुशार, आणि त्यांचे नारळ कोट्यवधी डॉलरचे. त्या बर्फात एकही बोअर मात्र अजून पडलेली नाही.

सुरुवात १९६१ची. कॅलटेकमधल्या केनेथ वॉटसन, ब्रूस मरे आणि हॅरिसन ब्राऊन या तिघांनी कागदावरच एक हिशोब मांडला. चंद्राचा आस जेमतेम दीड अंशाने कललेला आहे. त्यामुळे ध्रुवांजवळ सूर्य कायम क्षितिजालगत फिरतो आणि तिथल्या खोल विवरांच्या तळाशी अब्जावधी वर्षांत ऊन पोचलेलंच नाही. धूमकेतूंबरोबर आलेलं पाणी तिथे एकदा गोठलं की उडून जायला कारणच उरत नाही. हिशोब साधा होता, पण पुढे अपोलोवाल्यांनी आणलेले दगड इतके कोरडे निघाले की 'चंद्र म्हणजे ठणठणीत कोरडा' हेच पाठ्यपुस्तकात बसलं. अपोलोची सगळी यानं विषुववृत्ताच्या आसपास उतरली होती, याकडे बऱ्याच जणांचं दुर्लक्ष झालं. राजस्थानात सँपल घ्यायचं आणि कोकण कोरडं म्हणून रिपोर्ट द्यायचा, त्यातला प्रकार :)

मग १९९४ साली क्लेमेंटाईन यानाने दक्षिण ध्रुवावर रेडिओ लहरी मारल्या. परत आलेला प्रतिध्वनी बर्फासारखा वाटला आणि १९९६ साली गाजावाजा करून तसं जाहीरही झालं. पण अरेसिबोच्या प्रचंड दुर्बिणीने तपासलं तर तसाच प्रतिध्वनी ऊन पडणाऱ्या जागांवरूनही येत होता. खडबडीत दगडधोंडेसुद्धा रडारला बर्फासारखे दिसू शकतात! १९९८ साली लूनर प्रॉस्पेक्टरने वेगळी युक्ती वापरली. जमिनीतून निसटणारे न्यूट्रॉन मोजायचे. कॅरममध्ये एक सोंगटी तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या सोंगटीवर आपटली की तिचा वेग जातो, तसा न्यूट्रॉन हायड्रोजनवर आपटला की मंदावतो. ध्रुवांवर मंदावलेपणाची खूण स्पष्ट दिसली, म्हणजे हायड्रोजन तर आहे. पण हायड्रोजन म्हणजे पाणी नव्हे. शेवटी १९९९च्या जुलैमध्ये ते यानच ध्रुवाजवळच्या एका विवरात आपटवलं. उडालेल्या धुळीत पाणी काही दिसलं नाही.

इथे आपली एन्ट्री होते. २२ ऑक्टोबर २००८ला चंद्रयान-१ श्रीहरिकोट्याहून निघालं. १४ नोव्हेंबरला त्यातून मून इम्पॅक्ट प्रोब दक्षिण ध्रुवाजवळ शॅकल्टन विवराच्या परिसरात आपटवला गेला. पडता पडता त्यातल्या उपकरणाने विरळ वातावरणात पाण्याच्या वजनाचे रेणू टिपले. यानावर नासाचं एम-थ्री नावाचं उपकरणही होतं. कार्ल पीटर्स यांच्या गटाने त्याच्या नोंदींवरून सप्टेंबर २००९मध्ये जाहीर केलं की चंद्राच्या पृष्ठभागावर पाणी किंवा हायड्रॉक्सिल आहे. या 'किंवा'वर आपल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा फारसा वेळ घालवला नाही, 'भारताने चंद्रावर पाणी शोधलं' हा मथळा छान होता. पण इतिहास म्हणून पाहिलं तर तो 'किंवा' महत्त्वाचा आहे. चंद्रयान-१शी संपर्क २९ ऑगस्ट २००९लाच तुटला होता. दोन वर्षांची मोहीम ३१२ दिवसांत आटोपली, तरी तिचा डेटा लोक पुढे दहा वर्षं चाळत बसले. २०१८ साली एम-थ्रीच्याच नोंदींतून ध्रुवांवरच्या उघड्या बर्फाची थेट खूण सापडली. तीही अशी, की बर्फ टिकेल इतक्या थंड जागांपैकी फक्त साडेतीन टक्क्यांच्या आसपास जागांवर तो दिसला. बाकीच्या जागा रिकाम्या का, हे अजून नीट सुटलेलं नाही.

सगळ्यात ठोस आकडा मिळाला तो पुन्हा आपटाआपटीतून. ९ ऑक्टोबर २००९ला नासाच्या एलक्रॉस मोहिमेने रॉकेटचा रिकामा टप्पा कॅबियस विवरात सोडला आणि उडालेल्या ढगात सुमारे १५५ किलो पाणी मोजलं. मातीत पाण्याचं प्रमाण ५.६ टक्के, अधिक-उणे २.९.

आपल्यातले इंजिनियर त्या 'अधिक-उणे २.९'पाशी थांबले असतील. म्हणजे टनभर मातीत २७ किलो पाणी असेल किंवा ८५ किलो. दहा हजार लिटरचा एक टँकर भरायचा तर एका टोकाला सुमारे १२० टन माती खणून तापवायची, दुसऱ्या टोकाला ३७० टन. तिप्पट फरक! आणि हे एकाच विवरातल्या एकाच खड्ड्याचं. असं कपॅसिटी प्लॅनिंग घेऊन मॅनेजरकडे गेलात तर काय होईल, कल्पना करा.

आमच्या मासवणचंच बघा. पालघर-मनोर रस्त्यावर सूर्या नदीच्या काठी हे गाव आहे. वर धामणीचं धरण, आणि मासवणला नदीतून उपसलेलं पाणी पार वसई-विरारपर्यंत जातं. 'नदीत पाणी आहे' एवढ्या माहितीवर कुणी इथे पंप बसवले नसते. रोज किती, मे महिन्यात किती, किती उंचीवर चढवायचं, वीज किती लागणार, हे कळल्यावरच योजना कागदावर येते. याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याला पाऊस धो धो पडतो आणि एप्रिल-मे आला की पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. पाणी असणं आणि पाणी मिळणं यातलं अंतर आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चंद्रावर माणसं ठेवायची, तिथल्या पाण्यापासून ऑक्सिजन आणि रॉकेटचं इंधन बनवायचं, या सगळ्या गप्पा त्याच अंतरावर अडकून पडल्या आहेत. म्हणून रोव्हर हवा. जागेवर जाऊन भोक पाडणारा, आणि एक नाही तर बऱ्याच ठिकाणी पाडणारा.

आता प्लॅनिंगकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. रिक्वायरमेंटच परस्परविरोधी आहेत. जिथे बर्फ तिथे ऊन नाही, आणि रोव्हर चालतो उन्हावर. मग उजेड टिकणाऱ्या उंच कड्यावर मुक्काम करायचा, बॅटरी भरायची, काही तासांसाठी अंधारात उतरायचं, भोक पाडायचं आणि जीव घेऊन वर यायचं. सूर्य क्षितिजालगत असल्यामुळे सोलर पॅनल छतावर ठेवून उपयोग नाही, ते भिंतींवर उभे लावावे लागतात. सूर्य दीड अंशावर असेल तर मीटरभर उंचीच्या दगडाची सावली चाळीसेक मीटर पडते आणि ती सतत सरकत असते. म्हणजे रस्ता ठरवताना नुसता नकाशा पुरत नाही, अमुक वाजता अमुक जागी ऊन असेल का हेही बघावं लागतं. ट्रेनचं टाइमटेबल पाठ असलेल्या पालघर-बोईसरच्या पासधारकाला हे लगेच कळेल. त्यात पृथ्वीसुद्धा महिन्यातले सुमारे दोन आठवडे क्षितिजाखाली जाते, आणि मध्ये रिले करणारा उपग्रह नसेल तर तेवढे दिवस बोलणंच बंद.

ड्रिलचंही सोपं नाही. विवराच्या तळाशी तापमान उणे २३०-२४० अंशांच्या घरात. जोरात फिरवलं की घर्षणाने बर्फ तापून थेट वाफ होतो, म्हणजे जे मोजायला आलो तेच उडालं. म्हणून दहा-दहा सेंटिमीटरचे घास घेत जायचं.

आणि उन्हाने थोडा जरी घोटाळा केला तर काय होतं ते चंद्रयान-३ने दाखवलं. विक्रम उतरला तिथे, साधारण ६९ अंश दक्षिणेला, त्याच्या चास्टे नावाच्या तापमापकाने पृष्ठभाग ८२ अंश सेल्सियस दाखवला. मीटरभर अंतरावरच्या सपाट जमिनीचं तापमान ५९च्या आसपास होतं. फरक फक्त सहा अंशांच्या उताराचा, तोही सूर्याकडे तोंड केलेल्या! अहमदाबादच्या पीआरएलच्या संशोधकांनी २०२५ साली त्यावरून मांडलं की सूर्याकडे पाठ केलेल्या, १४ अंशांहून तीव्र उतारावर थेट ध्रुवापर्यंत न जाताही कमी खोलीवर बर्फ टिकू शकेल. हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात आशादायक वाक्य वाटतं, कारण तसे उतार गाठायला घोर अंधारात शिरावं लागत नाही.

उरली रात्र. प्रज्ञान २६ किलोंचा होता, शंभरेक मीटर चालला, २ सप्टेंबर २०२३ला झोपवला आणि परत उठला नाही. यात नवल काही नाही, त्याला रात्र काढायची सोयच नव्हती. ही सोय मात्र जुनी आहे. जुलै १९६९मध्ये अपोलो-११ने ठेवलेल्या भूकंपमापकात प्लुटोनियमच्या १५-१५ वॉटच्या दोन शेगड्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात तारापूरची पहिली दोन युनिटं सुरू झाली, म्हणून आमच्याकडे हे साल सहज लक्षात राहतं. १९७०चा रशियन लुनोखोद तर पोलोनियमच्या उबेवर रात्रीमागून रात्री काढत दहा महिने जगला आणि साडेदहा किलोमीटर चालला. आपल्या बीएआरसीने बनवलेल्या एक-एक वॉटच्या दोन शेगड्या चंद्रयान-३बरोबर गेल्या होत्या, पण प्रोपल्शन मोड्यूलमध्ये. लँडर-रोव्हरमध्ये ठेवल्या असत्या तर वजन वाढलं असतं. शेगडी ऊब देते, वीज नाही. त्यामुळे ती असली तरी चालायला ऊन लागतंच.

हे सगळे प्रश्न सोडवून नासाने व्हायपर नावाचा रोव्हर खरोखर बांधला. ४३० किलो, शंभर दिवसांची मोहीम, मीटरभराचं ड्रिल, वाटेत हायड्रोजन हुंगणारा न्यूट्रॉन मापक आणि चंद्रावरच्या रोव्हरला पहिल्यांदाच हेडलाईट. जुलै २०२४मध्ये, ४५ कोटी डॉलर खर्चून झाल्यावर, रोव्हर जोडून तयार असताना नासाने प्रोजेक्ट रद्द केला. कारण उशीर आणि बजेट. डिप्लॉयमेंटच्या आदल्या दिवशी प्रोजेक्ट बंद झालेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या टीमचं काय झालं असेल ते सांगायला नको. सप्टेंबर २०२५मध्ये ब्लू ओरिजिनला तो २०२७च्या अखेरीस पोचवायचं काम मिळालं, तेव्हा कुठे त्याचे पार्ट सुटे होण्यापासून वाचले. व्हायपरसारखंच ड्रिल मार्च २०२५मध्ये अथीना लँडरवर ध्रुवाजवळ पोचलं होतं खरं. पण लँडर कुशीवर पडला, आणि ड्रिलने पोकळीतच आपले हातपाय हलवून दाखवले.

आणि मग आपला नंबर. भारत-जपानची ल्यूपेक्स, म्हणजेच चंद्रयान-५. मार्च २०२५मध्ये तिला सरकारी मंजुरी मिळाली. लँडर इस्रोचा, रोव्हर आणि रॉकेट जपानचं. रोव्हर प्रज्ञानसारखा खेळण्याएवढा नाही, निदान २५० किलोंचा. जमिनीखाली पाहणारं रडार इस्रोचं, न्यूट्रॉन मापक नासाचा, आणि ड्रिल दीड मीटरचं. कुठे उतरायचं यासाठी चंद्रयान-२चा ऑर्बिटर २०१९पासून वरून फोटो आणि रडारच्या नोंदी पाठवतोच आहे. म्हणजे पाणाड्याचं काम आपणच केलंय आणि बोअरची गाडीही अर्धी आपलीच. मात्र दीड मीटर म्हणजे जेमतेम पाच फूट. आमच्याकडे पाच फुटांवर पाणी लागलं असं कुणी सांगितलं तर लोक हसतील, पण चंद्रावर त्या पाच फुटांत पहिल्यांदा खरा आकडा मिळणार आहे, बऱ्याच कमी अधिक-उण्यासकट.