ठासणीची बंदूक आणि आपली रखवाली



मागच्या आठवड्यात चोपड्याच्या बाजारात शिरपूरकडचा एक तरुण शेतकरी भेटला. केळी आहे, मका आहे, लाईट रात्रीची. म्हणाला, "तात्या, रात्री पाणी भरायला एकटा जातो. डुकरं आहेत, बिबट्या दिसतो. तुमच्या घरी ठासणीची बंदूक होती म्हणतात. तशी एक ठेवली तर जीव तरी वाचेल." त्याला उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं लिहितो.

बंदूक होती हे खरं. आजोबांच्या नावावर, एक नळी, केपाची, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची. शोरा, गंधक आणि कोळसा यांची ती दारू. मग चिंध्यांचा बोळा घालून गजानं ठासायचं, वरून छर्रे, परत बोळा, परत ठासायचं. शेवटी मागच्या खुंटीवर तांब्याची केप बसवायची. घोडा केपवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार निघतो. एकच बार. दुसरा हवा तर सगळं पहिल्यापासून. सवयीच्या माणसालाही अर्धा मिनिट लागायचा, अंधारात त्याहून जास्त.

आपल्या खान्देशात ही बंदूक फार जुनी. केपाच्या आधी गारेची होती आणि तिच्याही आधी तोड्याची, म्हणजे पेटती वात लावून उडवायची. 1818 साली खान्देश इंग्रजांकडे गेला. सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल त्यांना जुमानेनात. तेव्हा 1825 साली जेम्स औट्राम या अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभी केली, ठाणं आपल्या धरणगावला. तेव्हा साहेबाची काय आणि गावातली काय, बंदूक तोंडातूनच भरायची. फरक कवायतीचा आणि दारूगोळ्याच्या पुरवठ्याचा.

पुढं 1857 आलं. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारे खाजा नाईक इंग्रजांविरुद्ध उठले. त्या नोव्हेंबरात घाटात सात लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला. 11 एप्रिल 1858 ला अंबापाणीला मोठी लढाई झाली. एवढं झाल्यावर सरकारला कळलं की गावागावातली बंदूक ही नुसती डुकरं हाकायची वस्तू नाही. देशभर हत्यारं काढून घ्यायला सुरुवात झाली. 1878 साली लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा झाला. आपल्या माणसाला परवाना लागे आणि गोऱ्याला सूट. शेतात ज्वारी खाणारं डुक्कर तेच, पण बंदूक ठेवायला आता साहेबाची सही पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर आपला स्वतःचा कायदा आला, 1959 चा, लागू झाला 1 ऑक्टोबर 1962 पासून. त्याचं 13 वं कलम वाचून बघा. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना, असं त्यात नाव घेऊन लिहिलंय. ठासणीनं भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी साध्या नळीची बंदूक. म्हणजे जगात काडतुसाची बंदूक येऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती, तेव्हा शेतकऱ्याच्या वाट्याला खापरपणजोबाच्या काळातलं हत्यार. मला वाटतं, एकच बार निघतो म्हणूनच ती आपल्याला दिली. हे माझं मत, कायद्यात कारण लिहिलेलं नाही. कोकणात हे परवाने अजून बरेच आहेत. निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, निकालानंतर आणायच्या.

आता घरचं सांगतो. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. भुईमुगाच्या शेंगा भरल्या होत्या, पावसाची भुरभुर चालू होती. माळ्यावर आजोबा, मोठे काका आणि मी. आजोबांचा नेम एकच, मध्यरात्री एक बार वर आभाळात. मला म्हणायचे, "पोऱ्या, ही बंदूक माराकरता नई, आवाजकरता शे." त्या रात्री आजोबांचा डोळा लागला. कळप शिरला. काका बंदूक घेऊन खाली उतरले. पहिली केप सर्दावलेली, नुसती टिक वाजली. दुसरी बसवली, बार निघाला. काळ्या दारूचा धूर इतका, की काकांना पुढचं काहीच दिसेना. छर्रे एका डुकराच्या पुठ्ठ्यात बसले होते. ते पळालं नाही, धुरातून उलटं आलं. काकांच्या हातात रिकामी नळी. मांडी फाडली त्यानं. आजोबा टेंभा घेऊन ओरडत धावले तेव्हा ते गेलं. काका वाचले, पण पुढं जन्मभर लंगडत चालले.

बंदुकीचा परवाना होता, डुक्कर मारायचा नव्हता. 1972 चा वन्यजीव कायदा येऊन काही वर्षं झाली होती, पण आमच्या घरात ते कुणाला ठाऊकही नव्हतं. त्या कायद्यात 11 व्या कलमात जीव वाचवताना जनावर मेलं तर गुन्हा नाही असं आहे, पण मुळात हा कायदा मोडत असताना तशी वेळ आली, तर ती सवलत नाही. शिकारीला म्हणून उतरलात आणि अंगावर आलं, तर हात वर करता येत नाहीत.

बिबट्याचं तर बोलूच नका. 2017 ला चाळीसगाव तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, लोक शेतात जाईनात. शेवटी डिसेंबरात वनखात्यानं बाहेरून शिकारी बोलावला तेव्हा ते संपलं. त्यासाठी किती दिवस, किती माणसं लागली! एका नळीनं आपण रात्री एकटे काय करणार? भाऊ, अंगावर आलेल्या जनावरापुढं ठासणी म्हणजे एक बार आणि मग काठी. आणि चोरून आणलेली, विनापरवान्याची असेल तर जनावरापेक्षा तुरुंग आधी. 2019 च्या दुरुस्तीनं शिक्षा आणखी वाढवलीय.

आवाजाचं काम मात्र खरंच व्हायचं. आज पोरं त्यासाठी पाईप आणि कार्बाईडची तोफ करतात. तिच्यात वाकून बघू नका, डोळे जातात. मी झटका मशीन लावलंय, तारेखालचं गवत दर आठ दिवसांनी काढावं लागतं, नाहीतर करंट उतरतो. रात्री पाण्याला दोघं जातो, बॅटरी मोठी, मोबाईलवर गाणी मोठ्यानं.

आमची बंदूक आजोबांच्या माघारी वडिलांनी जमा करून टाकली. नूतनीकरणाच्या चकरा मारून ते थकले होते. काका त्या दिवशी सोबत गेले नाहीत. पावती अजून ट्रंकेत आहे. शाई पुसट झाली, पण वाचता येते: एक नळी, ठासणीची, चालू स्थितीत.