माणूस मुळात कसा आहे?

प्रत्येक राजकीय विचारप्रणालीच्या मुळाशी एक जुना प्रश्न दडलेला असतो : माणूस मुळात कसा आहे? ह्या प्रश्नाचे जसे उत्तर, तशी राज्यव्यवस्था.

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये हा प्रश्न रणांगणावरच उभा ठाकला. राजा आणि पार्लमेंट यांच्यात १६४२ साली यादवी युद्ध पेटले. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. पॅरिसमध्ये आश्रय घेतलेल्या टॉमस हॉब्जने ह्या रक्तपातातून एक धडा घेतला आणि १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सत्तेचा धाक नसेल तर जो तो दुसऱ्याचा वैरी होतो, असे त्याचे मत. भारतीय राजनीतिशास्त्राने ज्याला मात्स्यन्याय म्हटले, तीच ही अवस्था. ती टाळावयाची तर सर्वांनी आपले अधिकार एका सार्वभौम सत्तेच्या स्वाधीन करावेत, हा त्याचा निष्कर्ष होता.

परंतु सत्ताधीशही माणूसच ना? जॉन लॉकने १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात निरंकुश राजसत्तेच्या पुरस्कर्त्यांना हेच विचारले. कोल्ह्यांच्या भयाने सिंहाच्या तोंडी जाणे शहाणपणाचे नव्हे, असा त्याचा आशय. मनुष्याच्या ठायी विवेक आहे. म्हणून राजसत्ता ही प्रजेने सोपविलेली ठेव होय. विश्वासघात झाल्यास ती परत घेण्याचा प्रजेला अधिकार आहे, असे त्याने प्रतिपादिले.

जेम्स मॅडिसनने अविश्वास राज्यकर्त्यांनाही लागू केला. शासित देवदूत नाहीत आणि शासकही नाहीत, हे त्याच्या १७८८ मधील लेखाचे सूत्र. फिलाडेल्फियात १७८७ साली तयार झालेल्या अमेरिकन राज्यघटनेत म्हणूनच कायदेमंडळ, अध्यक्ष आणि न्यायालये यांना परस्परांवर अंकुश ठेवण्याची सोय झाली.

मात्र त्याच घटनेने प्रतिनिधिगृहातील जागा वाटताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब मांडला. गुलामांना मत नव्हते. त्यांच्या संख्येने बळ वाढले ते त्यांच्या मालकांच्या राज्यांचे. मॅडिसन स्वतःही गुलामांचा धनी होता. तेथील गुलामगिरी घटनादुरुस्तीने नष्ट झाली ती १८६५ साली, चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर.

मनुष्यस्वभावाची इतकी सूक्ष्म पारख करणाऱ्यांनीही माणूस कोणाकोणाला म्हणावयाचे, हा त्याआधीचा प्रश्न अर्धवटच सोडला होता. त्याचे मोल मात्र पुढच्या पिढ्यांना रक्ताने चुकते करावे लागले.