घरचा पीसी ‘ऑफलाइन’ दाखवतोय? गावाला बसून बिघाड असा शोधा

गणपतीला मुलुंडहून गावी आलात. आरती झाली, जेवण झालं आणि तेवढ्यात ऑफिसचा मेसेज आला, “ती फाईल पाठव ना.” फाईल घरच्या पीसीवर आहे. रिमोट डेस्कटॉपचं ॲप उघडलं, तर पीसीच्या नावापुढे एकच शब्द : ऑफलाइन.

अशा वेळी कुणी ॲप काढून पुन्हा टाकतं, कुणी गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतं. पहिल्या उपायात वेळ जातो, दुसऱ्यात खातं रिकामं होऊ शकतं. त्यापेक्षा बिघाड नेमका कुठे आहे ते आधी ठरवा. जागा मोजक्याच आहेत : घरची लाईट, घरचं इंटरनेट, तो पीसी, तुम्ही बसलात तिथलं नेटवर्क आणि तुमचं लॉगिन.

ऑफलाइन की ऑनलाइन, आधी एवढंच बघा

क्रोम रिमोट डेस्कटॉप, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारख्या ॲपमध्ये पीसी चालू आहे की नाही ते दिसतं. तुमच्या मोबाईलवर बाकी सगळं नीट उघडतंय आणि पीसी मात्र ऑफलाइन दिसतोय, तर बिघाड बहुधा घरच्या बाजूला आहे. पीसी ऑनलाइन दिसतोय पण जोडला जात नाही, तर तुमचं नेटवर्क आणि पासवर्ड तपासा. या एका प्रश्नात अर्धं काम होतं.

लाईट आहे का?

घरी वायफायवर चालणारा कॅमेरा किंवा स्मार्ट बल्ब असेल तर त्याचं ॲप उघडा. तो चालू दिसला म्हणजे लाईटही आहे आणि नेटही आहे. मग दोष पीसीचा. तोही बंद असेल तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर भागात अदानी इलेक्ट्रिसिटीची वीज आहे, तर मुलुंड-भांडुपला महावितरणची. त्यामुळे अंधेरीतल्या मित्राकडे लाईट आहे म्हणजे तुमच्याकडेही असेलच असं नाही.

उपनगरात लाईट फारशी जात नाही, म्हणून आपण हा मुद्दा विसरतो. पण १२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमारास पारेषण यंत्रणेत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकल थांबल्या. वर्क फ्रॉम होमचे दिवस होते, त्यामुळे घरोघरची कामंही थांबली.

यातली मेख अशी की लाईट परत आली तरी डेस्कटॉप आपोआप चालू होईलच असं नाही. बऱ्याच पीसींना कुणीतरी बटण दाबावं लागतं.

लाईट आहे, मग नेट?

शेजारच्या काकूंकडे किल्ली असेल तर त्यांना फोन करून राउटरचे दिवे बघायला सांगा. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा लाल दिसत असेल तर फायबरचा सिग्नल येत नाहीये. अशा वेळी केबलवाल्याला किंवा इंटरनेट कंपनीला फोन करण्याला पर्याय नाही. तो दिवा लाल नसेल तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करायला सांगा. काही इमारतींत केबलवाल्याचा स्विच जिन्यात किंवा मीटर रूममध्ये असतो. तिथली लाईट गेली तर तुमच्या घरात लाईट असूनही नेट बंद पडतं.

पीसी झोपलाय का?

सगळ्यात साधं कारण हेच. काही वेळ हात लावला नाही की विंडोज पीसीला झोपवतो. लॅपटॉपचं झाकण मिटलं तरी तेच होतं. झोपलेला पीसी इंटरनेटवर नसतो, त्यामुळे ॲप त्याला हाक मारू शकत नाही. ‘वेक ऑन लॅन’ नावाची सोय आहे, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते, पीसीला नेटची केबल लागलेली असेल तरच भरवशाची असते आणि तो संदेश साधारणपणे घरातल्याच दुसऱ्या उपकरणाकडून जावा लागतो. तयारी केलेली नसेल तर काकूंना पॉवर बटण दाबायला सांगणं हाच उपाय. पासवर्ड त्यांना सांगायची गरज नाही. नीट इन्स्टॉल केलेलं ॲप लॉगिनआधीच चालू होतं. एनीडेस्क इन्स्टॉल न करता नुसतं उघडून ठेवलं असेल, तर पीसी रीस्टार्ट झाल्यावर ते आपोआप सुरू होत नाही.

ऑनलाइन दिसतोय, पण आत जाता येत नाही

हॉटेलच्या वायफायवर आधी लॉगिनचं पान भरावं लागतं, शिवाय काही जोडण्या तिथे अडवलेल्या असतात. मोबाईलचा हॉटस्पॉट वापरून बघा. रेल्वेत असाल तर थांबा : कोकण रेल्वेवर ९० हून अधिक बोगदे आहेत, त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. तिथे सेशन तुटणारच.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप वापरत असाल तर दोन गोष्टी तपासा. पीसीवर विंडोजची ‘होम’ आवृत्ती असेल तर बाहेरून त्यात शिरता येत नाही, ‘प्रो’ लागते. आणि घरी तुम्ही चार-सहा आकडी पिन टाकता, तो इथे चालत नाही. खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो.

चित्र अडकत असेल तर घरच्या नेटचा अपलोड वेग बघा. स्क्रीन घरून तुमच्याकडे पाठवली जात असते, त्यामुळे घरचा डाउनलोड वेग कितीही असला तरी इथे उपयोग नाही.

‘पोर्ट ३३८९ उघड’ हा सल्ला ऐकू नका

विंडोजचं रिमोट डेस्कटॉप ३३८९ या पोर्टवर चालतं. राउटरमधून ते उघडलं की जगातून कुणालाही तुमच्या पीसीचं दार वाजवता येतं. मे २०१९ मध्ये याच सेवेत ‘ब्लूकीप’ नावाची त्रुटी सापडली. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने मदत बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली.

शिवाय अनेकदा हा उपाय चालतच नाही. काही कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. राउटरमध्ये दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या गटातला असेल तर तुम्ही त्या वाटणीत आहात आणि पोर्ट उघडूनही बाहेरून कुणी आत येणार नाही, तुम्हीसुद्धा नाही. क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा टेलस्केलसारखं खासगी नेटवर्क अशा जोडणीवरही चालतं, कारण तिथे घरचा पीसी स्वतःहून बाहेर जोडणी करतो.

घाईत कुणाला कोड देऊ नका

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्कच्या गैरवापराबद्दल सावध केलं होतं. ठग आधी ॲप टाकायला लावतो, मग त्यातला नऊ आकडी कोड मागतो, परवानग्या घेतो आणि फोनवरून यूपीआयचे व्यवहार करतो. ॲप खरंच असतं, वापरणारा खोटा असतो. पीसी लागत नाही म्हणून शोधलेल्या नंबरवरच्या माणसाने असा कोड मागितला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

पुढच्या वेळी निघण्याआधी

• पीसीची झोप बंद करा आणि लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर ‘काही करू नको’ निवडा.

• डेस्कटॉपच्या बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग असेल तर ती चालू करा.

• राउटरला छोटा यूपीएस लावा.

• परदेशी जात असाल तर ओटीपी कोणत्या सिमवर येतो ते बघा. चीनमध्ये गुगलच्या सेवा अडवलेल्या आहेत, तिथे क्रोम रिमोट डेस्कटॉपवर विसंबू नका.

• ज्या फाईली नक्की लागणार त्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या.

• शेवटी घरातच चाचणी करा. मोबाईलचं वायफाय बंद करून डेटावरून पीसी उघडा. मग पीसी रीस्टार्ट करा आणि लॉगिन न करता पुन्हा मोबाईलवरून आत शिरून बघा. दोन्ही वेळा जमलं तर बॅग भरा.